वाकळेच्या वाटेवर

मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळातून नवा शर्ट घालून बाहेर पडायचं म्हणजे आक्कांच्या कट्ट्यावरून जावं लागतं. आक्का शर्टाकडे बघत नाहीत, हात लावतात. बाहीचं टोक अंगठा आणि तर्जनीत धरून चोळतात, डोळे बारीक करतात आणि निकाल देतात. "सुती हाय. चांगलाय. दोन वर्सं घाल, मग आणून दे." एकदा बोळात आलेल्या विमा एजंटाची बाही त्यांनी अशीच चोळली. म्हातारी मायाळू दिसते असं समजून त्यानं बॅगेतनं कागद काढायला घेतले. "टेरिकॉट," एवढंच म्हणून आक्कांनी बाही सोडून दिली. त्याचं तोंड इतकं पडलं की शेवटी आक्कांच्या यजमानांनी, तात्यांनी, त्याला चहा पाजला.

कपडे नावाची वस्तू आक्का मानतच नाहीत. त्यांच्या लेखी जगात फक्त वाकळा आहेत. काही शिवून झाल्या, काही शिवायच्या राहिल्यात, आणि राहिलेल्या तोवर लोक अंगावर घालून हिंडतात. तुमचा लग्नातला झब्बा असो की पोराचा शाळेचा गणवेश, सगळे वाकळेच्या वाटेवरचे प्रवासी. नातू उंच व्हायला लागला की इतर आज्या दृष्ट काढतात. आक्का त्याच्या विजारीच्या घोट्याकडे बघतात आणि म्हणतात, "वाढतंय गं बाई पोरगं. दिवाळीपर्यंत तोकडी हुईल."

घरात यामुळे कायमचा जागता पहारा असतो. सूनबाई बँकेत आहेत. लॉकरच्या किल्ल्या जशा सांभाळतात, तशाच त्या स्वतःच्या सुती ओढण्याही सांभाळतात. तात्यांची गोष्ट अवघड. राजर्षी शाहूंनी १९०६ साली उभारलेल्या शाहू मिलमध्ये त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. एका माणसानं जन्मभर कापड तयार करावं आणि त्याच्या बायकोनं ते फाडावं, असा हा संसार. तात्यांना जुना शर्ट आवडतो, कारण तो मऊ झालेला असतो. आक्कांनाही तो त्याच कारणासाठी हवा असतो. म्हणून माझ्या कपाटात तात्यांचे दोन शर्ट आश्रयाला आहेत. गल्लीत फिरायला जाताना ते माझ्याकडे येतात, शर्ट बदलतात, तासाभरानं परत येऊन पुन्हा बदलतात. आक्कांना हे ठाऊक आहे. मागं एकदा मला म्हणाल्या, "तुझ्याकडचा त्यो निळ्या रेघांचा कॉलरीत गेलाय. आता लई दीस टिकायचा न्हाई."

कुणी म्हणेल, म्हातारी काटकसरी आहे. साफ खोटं. दोऱ्याची रिळं, दोऱ्याला लावायला मेणबत्त्या, दाभणं, अंगुस्तान, दर दोन वर्षांनी बदललेला चष्मा आणि कंबरेला चोळायचं मलम, याचा हिशेब मांडला तर त्या पैशात लक्ष्मीपुरीतून चांगली ब्लँकेटं येतील, शिवाय रिक्षाभाडं सुटेल. पण कोल्हापुरात माणूस हिशेबानं काही करत नाही. कुणी म्हशी पाळून त्यांच्या शिंगांना रंग देतो, कुणी कबुतरं उडवतो, कुणी फुटबॉलच्या मॅचसाठी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर गळा फोडतो. आक्का वाकळ शिवतात. फुटबॉलवरून आठवलं. ज्या रंगाच्या जर्सीसाठी पेठापेठांत शब्दाला शब्द लागतो, ती जर्सी माझ्या भाच्यानं मोठ्या मनानं त्यांना नेऊन दिली होती. आक्कांनी दोन बोटांत चोळून ती परत केली. "टीम कुठली बी असू दे, कापूस न्हाई त्यात." त्याच भाच्यानं मग चेष्टेनं तालमीतला जुना लंगोट आणला. तो सुतीच होता, पण आक्कांनी त्यालाही नकार दिला. "रात्री पांघरलेला माणूस पट काढायला उठंल."

वाकळेचं शास्त्र कडक आहे. खाली लुगडं, वर लुगडं, मध्ये जुन्यापान्याचे थर. चारी कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, खलबत्ता आणि तात्या. (तात्यांना "जरा बसा हितं" म्हणून बसवतात आणि विसरून जातात.) कापडाला सुरकुती राहता कामा नये. मग कडेनं धावदोरा घालत चौकोनात चौकोन करत आत आत यायचं. टाका गव्हाच्या दाण्याएवढा, मोठा झाला की उसवायचा. शेवटी मधोमध हातभर जागा उरते. तिथं भाकरीचा वाळका तुकडा ठेवून मगच वाकळ मिटायची, कारण वाकळेचं पोट रिकामं ठेवायचं नाही, अशी आक्कांच्या सासूबाईंची शिस्त. तात्यांच्या मते ही शिस्त उंदरांनी घालून दिलेली आहे.

खरा पेच कच्च्या मालाचा आहे. पूर्वी घरटी दोन-तीन नऊवारी लुगडी आणि एखादं धोतर हटकून निघायचं. आता गाऊन निघतात. आक्का गाऊनचं नाव निघालं की तोंड फिरवतात. त्यांची बहीण इचलकरंजीत असते. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढं गावभर मागांची खडखड सुरू झाली. आक्कांच्या मते तो सगळा उद्योग बहिणीनं दर महिन्याला एक पोतं चिंध्या पाठवाव्यात म्हणून उभा राहिला. तरीही वरच्या थराला पोत्यातलं कापड चालत नाही. तिथं माणूस लागतो.

आणि इथंच आक्का नुसत्या शिवणाऱ्या बाई राहत नाहीत. कोणाचं कापड कोणाशेजारी बसवायचं, हा निर्णय त्या एकट्या घेतात आणि त्यावर अपील नाही. त्यांचे धाकटे दीर आणि थोरली नणंद कागलकडच्या जमिनीवरून कित्येक वर्षं बोलत नाहीत. गेल्या साली आक्कांनी दिराचा सदरा आणि नणंदेचं लुगडं शेजारी शेजारी घेतलं आणि दोन्हींवरून एकच दोरा ओढला. "एका टाक्यात धरलंय दोघास्नी. आता बोलू देत, न्हाईतर नको." इरकली लुगडं मात्र कायम वरच्या अंगाला. ते सासूबाईंचं. मी विचारलं, मध्ये का नाही घेतलं? म्हणाल्या, "सासूबाई वरच. हयातीत बी वरच हुत्या." ज्या जाऊबाईंनी एकदा आक्कांच्या पुरणपोळीला नाव ठेवलं होतं, त्यांची साडी नेहमी पायथ्याशी असते. जाऊबाई दरवर्षी दिवाळीला येतात, तीच वाकळ पांघरतात आणि "किती मऊ शिवतेस गं" म्हणतात. आक्का लाजून खाली बघतात.

या सगळ्याला खरी धार येते ती गणपती गेल्यावर. पाऊस मागं सरतो, ऊन पिवळं व्हायला लागतं आणि घटस्थापनेआधीची धुणी निघतात. ज्यानं हे पाहिलेलं नाही त्याला कोल्हापूर कळलं असं मी म्हणणार नाही. घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण रिक्षात, टेंपोत, हातगाडीवर घालून लोक पंचगंगेवर आणि रंकाळ्यावर जातात. सोबत जेवणाचे डबे, पोरं आणि साबणाच्या वड्या. आक्का या मोहिमेच्या सेनापती. कोरडी वाकळ अंगावर घेतली तर माया वाटते, ओली वाकळ उचलायची वेळ आली की देव आठवतो. ती पिळायला एका टोकाला तात्या आणि दुसऱ्या टोकाला मी. आम्ही विरुद्ध दिशांना पिळत असताना आक्का पायरीवर बसून शेजारच्या बाईंच्या वाकळेचे टाके मोजत असतात. दुपारी घाटाच्या दगडांवर सगळ्या पेठांचे संसार उघडे वाळत पडतात. कुणाकडं अजून लुगडी आहेत, कुणी ब्लँकेटांवर आलेत, कुणाच्या सुनेनं मशीनवर टीप मारलीय, हे सगळं आक्का येता-जाता टिपून घेतात. शिरगणतीवाल्यांनी त्यांना एकदा भेटायला हवं.

मग नवरात्र. वर्तमानपत्रात नऊ दिवसांचे नऊ रंग छापून येतात आणि बायका त्या त्या रंगाची साडी नेसून अंबाबाईला जातात. आक्का ती यादी कापून फ्रिजवर चिकटवतात आणि बोळातल्या बायकांना घरोघर जाऊन सल्ले देतात. "मोरपिशी घे की गं. सुती घे. देवीला सुती लई आवडतं." देवीची ही आवड पुराणात कुठं सापडत नाही. पण आक्कांना दोन वर्षांनंतरच्या वाकळेच्या किनारीला मोरपिशी रंग कमी पडणार असतो. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, तिथं कोहळा फुटतो. आक्का गर्दीत पुढं घुसतात, कोहळ्याचा तुकडा मिळवतात आणि घरी येऊन चोपदारांच्या अंगरख्याबद्दल बोलतात. दसऱ्याला दसरा चौकात शाही सोहळा. छत्रपतींची मेबॅक गाडी येते, लोक टाचा उंचावून बघतात, सोनं लुटायला झुंबड उडते. आक्का माझ्या कानाशी लागतात. "एवढ्या फेट्यांचं पुढं काय हुतं रे?"

ऑक्टोबरच्या उन्हात मांडीवर वाकळ घेऊन बसायचं म्हणजे तपश्चर्याच. पंखा लावला तर चिंध्या उडतात, बंद केला तर घरातली माणसं. या काळात त्यांच्या घरात फक्त आक्का आणि मांजर असतं. अशाच एका दुपारी मी त्यांना अलाबामाची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या त्या राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचं गाव आहे. कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबलेल्यांच्या लेकीसुना तिथं नवऱ्यांच्या फाटक्या कामाच्या कपड्यांच्या वाकळा शिवत आल्या. २००२ साली त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या, २००६ साली टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली.

आक्कांनी दाभण थांबवलं. "भिंतीवर? मग त्या बाया पांघरत्यात काय?"

मी म्हटलं, तो कलेचा नमुना समजला जातो.

"धुत्यात कधी मग त्ये?"

मी पुढं सरकलो. त्या गावात मिसूरी पेटवे नावाच्या बाई होत्या. नवरा गेला तेव्हा, १९४२ साली, त्यांनी त्याचे कामाचे कपडे जमवून एक वाकळ शिवली, त्याच्या आठवणीत पांघरता यावी म्हणून. मला वाटलं, आता आक्कांचे डोळे भरून येणार. त्यांनी बाहेर ओट्यावर बसून कांदे चिरणाऱ्या तात्यांकडं एकदा नीट पाहिलं. तात्यांनी आपोआप शर्टाचं वरचं बटण लावलं.

"थांबली म्हन की बाई," आक्का म्हणाल्या. "माझ्यानं न्हाई तेवढं थांबणं हुयाचं."

दिवाळीआधीची साफसफाई हा त्यांचा सुगीचा हंगाम. बोळातली कपाटं उघडी पडतात आणि आक्का पिशवी घेऊन "काय मदत करू काय गं?" म्हणत दारोदार हजर होतात. माझी आई त्यांना बघितल्यावर पडदे सोडून बाकी सगळं बाहेर काढते. घरी चकलीचं पीठ मळलेलं असतं, चिवड्याचे पोहे उन्हात असतात, नातू किल्ल्यासाठी माती मागत असतो आणि आक्का मधल्या खोलीत लुगडं पसरून बसलेल्या असतात. फराळाचं सगळं सूनबाई रजा काढून करतात. त्यांचं म्हणणं एवढंच की चकलीत परवा दोरा सापडला.

गेल्या पाडव्याला पुण्याचे जावई आले. स्वभावानं भला माणूस, त्यामुळं चूक करायला वेळ लागत नाही. त्यांनी सासूबाईंना जयपुरी रजई आणली. गुलाबी, बारीक छापाची. "आई, आता डोळ्यांना त्रास नको. आत फक्त पाव किलो कापूस आहे, पण ऊब बघा." घरात कुणी बोलेना. तात्या उठून माझ्याकडं आले.

आक्का मात्र हसल्या. रजई उलटी केली, दोन बोटांत चोळली. पाहुणे झोपल्यावर त्यांनी एका कोपऱ्याची शिवण उसवून आत बोट घातलं आणि कापूस खरोखरीचा आहे याची खात्री करून घेतली. सकाळी जावयांना एवढंच म्हणाल्या, "कापूस झ्याक हाय. कापड तेवढं एकटं पडलंय बघा."

त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगेच्या घाटावरचे दिवे बघायला जावई पुन्हा आले. तोवर पहाटेची थंडी पडू लागली होती. घाटावरनं उशिरा परतले, हातपाय गार पडलेले, आक्कांनी अंथरूण घालून दिलं. पडल्या पडल्या जावयांनी विचारलं, "आई, ती रजई वापरता ना?"

"रोजच. आत्ता तुम्ही तीच घेतलीया की."

जावई उठून बसले. अंगावर वाकळ होती. वरच्या बाजूला इरकली लुगडं, त्याखाली तात्यांचा निळ्या रेघांचा शर्ट, मध्ये काहीतरी गुबगुबीत. त्यांनी कड उचलून दिव्याखाली धरली. पाडव्याला इथं विसरून गेलेला त्यांचा कुर्ता तिथं चारी बाजूंनी पसरला होता.

"आई, हा नवा होता."

"म्हणून तर कडंला घेतला," आक्का म्हणाल्या. "कड पहिली झिजती. झोपा आता."