एका 'न'ची अफरातफर

निजामी अमलात ज्यांच्या आज्यापणज्यांची हयात जमाबंदीच्या दप्तरात गेली, अशा आम्हा बीडकरांना कोणत्याही जिनसेची मालकी शाबीत झाल्याखेरीज चैन पडत नाही, म्हणूनच परवा एका कापडदुकानात अंजिरी, डाळिंबी, जांभळ्या साड्यांचा ढीग उलगडून झाल्यावर दुकानदाराने आमच्या कुटुंबाला "वहिनी, ह्यात ऑरेंज दाखवू का?" असे विचारले, तेव्हा साडीच्या किमतीपेक्षा त्या विशेषणाच्या वारसाहक्काची चौकशी मला अधिक निकडीची वाटली. (किमतीची चौकशी करून उपयोग नव्हताच.)

मूळ खातेदार संस्कृत 'नारंग'; त्यानेही हे नाव द्राविडी भाषांकडून उसने घेतले असावे, असा पंडितांचा कयास आहे. तेथून फारसीत 'नारंग', अरबीत 'नारंज', आणि स्पेनपर्यंतही तो 'न' सहीसलामत पोहोचला. पुढे फ्रान्स-इटलीच्या हद्दीत मात्र आधीच्या उपपदाचा 'न' आणि फळाचा 'न' शेजारी आले, आणि त्या दोघांची बेरीज तेथील मंडळींनी एक अशी धरली! इंग्रजांच्या हाती शब्द आला तो हा असा, आद्याक्षर गमावलेला. रंगाचे विशेषण म्हणून त्यांनी तो सोळाव्या शतकात वापरात आणला. तोवर तो रंग त्यांच्याकडे 'पिवळातांबडा' अशा सामाईक खात्यावरच चालत असे.

'न' परत मिळण्याविषयीचा अर्ज मी लिहावयास घेतलाही. परंतु स्वतःच्या जिल्ह्याचे दप्तर चाळताच लेखणी थबकली. ज्याला 2016 साली बीडच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले, ज्याच्यासाठी अंबाजोगाईस संशोधन केंद्र आहे, आणि जे धारूरकडच्या बालाघाटात मुरमाड उतारावर, शेळीनेही पाल्याला तोंड न लावल्यामुळे, पिढीजाद वतनदाराच्या ऐटीत उभे असते, ते सीताफळ मुळात अमेरिका खंडातले! इंग्रजांनी फार तर एका अक्षरावर पाणी सोडले. आम्ही परमुलखातल्या फळाला साक्षात जानकीचे नाव दिले, आणि त्याच्याच भावकीतल्या दुसऱ्या अमेरिकन फळाला रामफळ म्हणून दोघांचे लग्नही लावून टाकले.

सबब अर्ज दाखल न करता निकाली काढला आहे. वाचकांनी आश्विनात धारूरच्या वाटेने जावे, डोळे उघडलेली सीताफळे पाटीतून निवडून घ्यावीत, घरी आढी घालावी आणि मऊ पडताच खावीत. बिया मात्र गिळू नयेत, कारण त्यांची पूड आमच्याकडे उवा मारण्यासाठी वापरतात.