टेपवाले काकाजी

घर बांधायला काढलेला माणूस लगेच ओळखू येतो. कोणाच्याही घरी गेला तरी त्याची नजर माणसांवर ठरत नाही, भिंतींवर फिरते. तेरवीच्या जेवणाला आला तरी हात धुता धुता मोरीचा उतार कोणत्या बाजूला आहे ते पाहून घेतो. जिना चढताना देवाचं नाव घेत नाही, पायऱ्या मोजतो. आणि निघताना घरच्या कर्त्या माणसाला हळूच विचारतो, "हा पोर्च किती बाय किती बसवला जी?"

नाचणगावात असे दोन-चार जण बाराही महिने सापडतात. पुलगाव आम्हाला इतकं खेटून आहे की परक्या माणसाला एक गाव कुठं संपलं न् दुसरं कुठं लागलं, ते उमजत नाही. पुलगावात रेल्वे स्टेशन आहे, बाजार आहे आणि लष्कराचा मोठा दारूगोळा डेपो आहे. नोकरीची सारी वर्षं क्वार्टरमध्ये काढलेला माणूस रिटायरमेंट जवळ आली की ले-आऊटमधला प्लॉट पाहायला लागतो. क्वार्टरमध्ये खिळा ठोकायचा तरी मनात धाकधूक. त्यामुळे अशा माणसाच्या डोक्यातलं घर आधी स्वप्नातून येत नाही, तक्रारींतून येतं. मोरी अंधारी होती, म्हणून आता मोरीला दोन खिडक्या. पाहुणे आले की पोरं व्हरांड्यात निजत, म्हणून आता पाहुण्यांना वेगळी खोली. क्वार्टर कधीच सोडलं, पण भांडण अजून चालूच.

आमचे टेपवाले काकाजी याच जातकुळीतले. त्यांचं खरं नाव राशनकार्डावर आहे, तिथंच राहू द्या. त्यांच्या शर्टाच्या खिशात चष्मा, पेन्सिल, खोडरबर आणि पाच मीटरचा स्टीलचा टेप असतो. टेपाच्या वजनानं सगळ्या शर्टांचे खिसे एका बाजूला लोंबले आहेत. काकूंनी एकदा टेप आलमारीत लपवून ठेवला, तर काकाजींनी दिवसभर वितीनं मापं घेतली आणि संध्याकाळी टेप सापडल्यावर वितीत अर्धा इंच फरक पडतो म्हणून सगळी मापं परत घेतली.

भाच्यासाठी मुलगी पाहायला देवळीला गेले होते. परत आल्यावर बायकांनी घेरलं. मुलगी कशी आहे, शिक्षण किती, उंची किती? काकाजी म्हणाले, "हॉल बारा बाय सोळा हाये. पण खिडकी चुकली."

"अन् पोरगी?"

"थे खिडकीजवळच बसली होती."

सोयरीक जमली, पण त्या खिडकीचं दुःख काकाजींच्या मनातून गेलं नाही.

आता नकाशा. प्लॉट ३० बाय ५०, म्हणजे १५०० चौरस फूट. काकाजींनी नातवाची आलेखाची वही घेतली. एक चौकोन म्हणजे एक फूट. पेन्सिल, पट्टी, आणि कॅलेंडरच्या पुठ्ठ्यातून कापलेलं सामान: दिवाण, आलमारी, देव्हारा, फ्रिज, मोटरसायकल. जेवणं झाली की काकाजी वही उघडतात आणि पुठ्ठ्याची आलमारी या खोलीतून त्या खोलीत सरकवत बसतात. काकू पलीकडून म्हणतात, "खरी आलमारी सरकवाले चार माणसं लागते, थे लक्षात ठेवा म्हणजे झालं."

पुण्यामुंबईच्या आर्किटेक्टला कधी कळणार नाही अशी एक गोष्ट काकाजींच्या नकाशात पहिल्या दिवसापासून होती. कूलरची खिडकी. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा घरातला कर्ता पुरुष कोण हा प्रश्न उरत नाही. कूलर असतो. तो बाहेरून खिडकीला लागला पाहिजे, खाली त्याला पेलणारा स्टँड किंवा ओटा पाहिजे, जवळ नळ पाहिजे, टाकीतून सांडलेलं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जाता कामा नये (गेलं तर ग्रामपंचायत), आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच्या समोर ओळीनं दारं पाहिजेत. हॉलच्या खिडकीतून निघालेली हवा मधल्या दारातून आतल्या खोलीत आणि तिथून मागच्या दारानं बाहेर. ओलसर हवेला निघून जायला वाट नसेल तर कूलर लावूनही माणूस चिकचिक घामात झोपतो. काकाजींनी आधी ही रेघ आखली आणि मग तिच्या दोन्ही अंगांना घर बसवलं. नकाशा वाईट नव्हता, हे मी आजही सांगेन. बाहेरून शोभिवंत दिसणारी कित्येक घरं उन्हाळ्यात भट्टी होतात, ती ही रेघ न आखल्यामुळेच.

मग घरात वास्तुशास्त्र शिरलं. काकूंच्या भावानं येऊन स्वयंपाकघर आग्नेयेला आणि पाणी ईशान्येला पाहिजे असं बजावलं. काकाजींनी त्याला एकच प्रश्न टाकला. "कूलर पाण्यात धरता का हवेत? पाण्यात धरलं तं ईशान्येले जाते, हवेत धरलं तं वायव्येले." साळेबुवा विचारून सांगतो म्हणाले. अजून त्यांचा निरोप आलेला नाही.

मोठा मुलगा पुण्याला फ्लॅटमध्ये राहतो. तो मोबाइलवर तयार नकाशे पाठवायचा. त्यात अंगण नसायचं, चूल नसायची, कूलर तर नसायचाच. सुनेची मागणी एकच, संडास-बाथरूम खोलीला जोडून. काकाजींना हे मान्य नव्हतं. "खोलीच्या अंगाले संडास कायले?" दोन महिने यावर बोलणं बंद होतं. मग दिवाळीत सगळे सेवाग्रामला गेले. लोक तिथं चरखा पाहतात, काकाजी ओसरी पाहत होते. आश्रमातल्या घराला पाचशेच्या वर खर्च नको असं गांधीजींनी सांगितलं होतं म्हणतात, ते ऐकून काकाजी बराच वेळ गप्पच होते. पाचशेत आज मिस्त्री एक दिवससुद्धा येत नाही. तेवढ्यात सून आतून आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "बाबा, बापूकुटीत न्हाणीघर आतूनच जोडलेलं आहे. बापूंना चाललं, तुम्हाला नाही चालत?"

घरी आल्यावर काकाजींनी खोडरबर काढला.

काकूंची मापं फुटांत नव्हती. मागचं आंगण कितीचं पाहिजे? "चार बायका बसून कुरड्या टाकतीन एवढं." कोठीची खोली? "पायली-दोन पायली नाई, सालभराचं धान्य मावलं पाह्यजे." निजायची खोली? "तीन खाटा, अन् मधातून माणूस गेला पाह्यजे." काकाजींनी चिडून या मापांचे फूट करून पाहिले. तीन खाटा, मधले बोळ, वर आलमारी, सगळं धरून बारा बाय बाराच निघालं. काकूंनी टेपाला हात न लावता जे सांगितलं ते इंचात बसलं, आणि काकाजी त्या दिवशी वही न उघडताच झोपले.

तसं पाहिलं तर आपल्याकडे दहा बाय दहाच्या खोलीचा फार मान. लग्न, बाळंतपण, दहावीचा अभ्यास, म्हातारपण, सगळं त्यातच होतं. पण राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार एकच राहती खोली असेल तर ती साडेनऊ चौरस मीटरच्या खाली नको, म्हणजे साधारण १०२ चौरस फूट. आपली दहा बाय दहा दोन फुटांनी नापास! हे मी काकाजींना सांगितलं तेव्हा त्यांना फार आनंद झाला. त्यांचं आख्खं आयुष्य नापास खोलीत गेलं, हे आता सरकारी कागदावर आलं होतं. त्यांच्या प्लॉटच्या पलीकडे एकाला घरकुल मंजूर झालं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराला किमान २५ चौरस मीटर लागतात, म्हणजे २६९ चौरस फूट, स्वयंपाकाची जागा धरून. त्या माणसाचा नकाशा एका पानावर संपला, आणि काकाजींची तिसरी वही चालू होती तोवर त्याचा स्लॅब पडला.

शेवटी वह्या घेऊन काकाजी नकाशा काढणाऱ्या पोराकडे गेले. आयटीआयचा दोन वर्षांचा आरेखकाचा ट्रेड केलेला, ऑटोकॅडवर हात चालणारा पोरगा. (पुलगावकडे डेपोलाच 'कॅड' म्हणतात. तो शब्द काढला की लोक आधी डेपोच्या गेटकडे पाहतात, म्हणून तो नुसतं 'कॉम्प्युटरवर' म्हणतो.) पोरानं वही पाहिली, मापं टाकली आणि थांबला.

"काकाजी, बाहेरून रुंदी किती धरली?"

"दोन्हीकून तीन-तीन फूट सोडून चोवीस."

"अन् खोल्या?"

"बारा अन् बारा. चोवीस. पहिलीतलं पोट्टं करते थे गणित."

"मंग भिंती कुठं ठेवू?"

काकाजींनी वहीकडे पाहिलं. वहीत भिंत म्हणजे पेन्सिलीची एक रेघ. पोरानं शांतपणे आकडे मांडले. बाहेरच्या दोन भिंती नऊ-नऊ इंची, मधली साडेचारची, झाले साडेबावीस इंच. आतल्या चार अंगांना अर्धा-अर्धा इंच प्लास्टर, ते दोन इंच. साडेचोवीस. म्हणजे दोन फूट आणि वर अर्धा इंच, जे तीन वह्यांत कुठंच नव्हते.

मापं टाकण्याचा खरा धंदा इथं असतो. रेघा कोणीही ओढतो. आतल्या मापांची बेरीज, भिंती धरून, बाहेरच्या मापाशी जुळली पाहिजे. नाही जुळली तर जमिनीवर कोणाच्या तरी खोलीतून ती वसूल होते, आणि बहुतेक वेळा स्वयंपाकघरातून. मोठ्या शहरातही भिंतीचं भांडण सुटलेलं नाही. २०१६ च्या रेरा कायद्यात कार्पेट एरिया मोजताना आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या धरत नाहीत. पुण्याच्या मुलानं फोनवर हे समजावलं, तेव्हा काकाजी म्हणाले, "म्हणजे तू भिंतीचेही पैसे देल्ले? अन् मले हुशारी शिकवते!"

दोन फूट अर्धा इंच कोणाचे कापायचे यावर घरात आठ दिवस बैठका झाल्या. सुनेच्या खोलीतून कापले तर पुण्याहून येणं कमी होईल. पाहुण्यांच्या खोलीतून कापले तर जवाई. शेवटी हॉल एक फुटानं आणि काकाजींची स्वतःची खोली एक फुटानं बारीक झाली. उरलेला अर्धा इंच पोरगा म्हणाला मिस्त्री पाहून घेईल, आणि ते खरं होतं. मिस्त्री लोक इंचाखाली सुतात बोलतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि चार सूत इकडेतिकडे झाले तर ते प्लास्टरमध्ये जिरवतात.

मंजुरीची प्रत निघाली तेव्हा आणखी एक धक्का होता. सगळी मापं मीटरमध्ये. देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, म्हणजे काकाजींच्या जन्माआधीचा. पण गवंड्याचा टेप आणि लोकांचा अंदाज अजून फुटांतच. हॉलच्या पोटात "३.३५" वाचून काकाजींचा चेहरा उतरला. अकरा फूट म्हटलं की खोली डोळ्यांसमोर येते. तीन पॉइंट पस्तीसमध्ये माणूस पाय कुठं पसरणार? पोरानं दुसरी प्रत फुटांत काढून दिली. एक ऑफिसला, एक घराला.

मिस्त्रीनं दोन्ही पाहिल्या नाहीत. "दार कोनीकडं?" एवढंच त्यानं विचारलं आणि कागद पाण्याच्या माठाखाली ठेवला. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. तीन फूट, चार फूट आणि तिरपे पाच, असं धरून कोपरा काटकोनात आणला, आणि दोरीखालून पांढरी फक्की सोडली. तासाभरात काकाजींचं घर जमिनीवर आखलं गेलं.

जमिनीवर आखलेलं घर नेहमी लहान दिसतं. वर आभाळ असतं, चारी बाजूंनी मोकळं असतं, त्यात फक्कीचा चौकोन काय दिसणार? भिंती वर आल्या की आणखी लहान दिसतं, आणि स्लॅब पडून रंग लागला, सामान आलं की कुठं ते घराएवढं होतं. मिस्त्री हे सगळ्यांना सांगतो आणि कोणीच ऐकत नाही. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "हे हॉल होय? मले वाटलं कोंबड्याचं खुराडं आखलं."

काकाजी काही न बोलता निघून गेले आणि दोन पोरांच्या डोक्यावर खाटा घेऊन आले. फक्कीच्या निजायच्या खोलीत खाटा टाकल्या. मधून चालून दाखवलं. मग खाटेवर आडवे झाले, भर उन्हात, आपल्या खोलीत. लोक जमले. कोणी "वा काकाजी" करत रेघ ओलांडून आत आलं की काकाजी ओरडत, "भिंतीतून येता का भाऊ? दार तिकडं हाये!" लोक परत जाऊन दारातून यायला लागले. घरकुलवाला शेजारी तर पायातल्या चपला पोर्चमध्ये काढून हॉलमध्ये बसला.

काकूंनी चहा आणला. स्वयंपाकघराच्या चौकोनात उभ्या राहून, मधल्या रेघेवरून हात लांब करून त्यांनी कप पुढं केला.

"काय वं," काकाजी खाटेवरून म्हणाले, "भिंतीतून चहा देते? फिरून ये दारातून."

"मी या वयात चहाले फिरत बसू का? तुम्ही या भिंतीत खिडकी काढा."

काकाजी उठून बसले. कपाकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं आणि खिशात हात घातला. मिस्त्रीनं दुरूनच ते पाहिलं.

"काकाजी," तो म्हणाला, "फक्की खोडरबरानं नाई पुसत."