साडेतीन मिलिमीटरचं शहाणपण

दसऱ्याला नवा फोन घेतला. साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून दुकानदारानं पेढा दिला, खोक्याला हळदकुंकू लावलं, वर आपट्याचं पानही ठेवलं. घरी येऊन खोकं उघडलं तेव्हा कळलं की मुहूर्त साडेतीनचे साडेतीन जागेवर आहेत, मिलिमीटर मात्र गेलेत. इअरफोनची गोल पिन जिथं खुपसतात ते भोक फोनला नव्हतं.

आधी मी चष्म्यावर संशय घेतला. मग फोन उलटासुलटा करून पाहिला. बुडाशी चार्जिंगची खाच, तिच्या डावीकडे सहा बारीक भोकं, उजवीकडे सहा. यांतली निम्मी नुसती शोभेची असतात, असं आमचा दुरुस्तीवाला सांगतो. म्हणजे ज्या मंडळींचा हात शोभेची भोकं पाडताना आखडला नाही, त्यांना उपयोगाचं एक भोक जड गेलं. बारा भोकं घातली आणि तेराव्याचं थेट तेरावंच घातलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. काउंटरवरचा मुलगा नम्र होता. म्हणाला, "काका, राउंड पिन हल्ली येत नाही. आता कोणी वापरत नाही."

मी खिशातून इअरफोन काढला. "मी वापरतो की."

त्यानं वायरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "दहा-बारा हजारांच्या सेटला मिळते अजून."

माझा सेट साठ हजारांचा. हिशेब तोंडी करता येतो. दहा हजारांत भोक मिळतं, साठ हजारांत मिळत नाही, म्हणजे पन्नास हजार मी ते बुजवण्याचे दिले. मिलिमीटरला साधारण १४,२८५ रुपये पडले. बरं, बुजवणं कसं? बोट फिरवा, सांधा लागणार नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खड्डा आहे, तो तीनदा बुजवून झालाय आणि प्रत्येक वेळी पहिल्या सरीत कंत्राटदाराच्या नावानं परत वर आलाय. जे बुजवायला पाहिजे ते बुजत नाही आणि जे उघडं पाहिजे ते या लोकांनी असं बुजवलंय की खाली काही होतं याची खूणसुद्धा उरली नाही.

कारणं तयार असतात. पहिलं कारण जागेचं. आत जागाच नाही म्हणे. पिनेचा व्यास साडेतीन मिलिमीटर, आत जाते ती चौदाच्या आसपास. कच्चे साबुदाणे एकामागे एक पाच मांडा, तेवढी ही जागा. आणि फोन केवढा? चांगलं हातावर थापलेलं थालीपीठ. पाठीवर तीन कॅमेरे असे वर आलेले की टेबलावर ठेवला तर फोन लंगडतो. तीन कॅमेऱ्यांना जागा झाली, पाच साबुदाण्यांना झाली नाही. मी गिरगावात दोन खोल्यांत नऊ माणसांबरोबर वाढलो, शिवाय परीक्षेला आलेला मामेभाऊ आणि माळ्यावर गणपतीचं मखर. माझ्यासारख्याला जागेचं कारण सांगू नये. जागा नसते तेव्हा माणूस सरकून बसतो, दहाव्याला जिन्यातून ढकलून देत नाही.

दुसरं कारण पाण्याचं. भोकातून पाणी शिरतं म्हणे. दीड मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी चालेल, अशा बोलीचे गोल पिनेचे फोन याच बाजारात विकले गेलेत. आणि मुळात दीड मीटर पाण्यात अर्धा तास फोन घेऊन उभं कोण राहतं? जुलैत मिलन सबवेतून जाणारे सोडून द्या.

भोकाचं कुळ तर या फोनवाल्यांच्या कुळाहून कितीतरी जुनं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेलिफोन एक्स्चेंजात बसलेल्या बायका ह्या खाचेतली पिन त्या खाचेत खुपसून माणसं जोडत. ती पिन पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची, आणि गिटारवाले आजही तीच वापरतात. ट्रान्झिस्टर आले तेव्हा तिची धाकटी बहीण आली, साडेतीनची. पिनेवर दोन काळ्या रिंगा असल्या तर डावा कान, उजवा कान आणि अर्थिंग. तिसरी रिंग असली की माइकही आला. संपलं शास्त्र. तिला बॅटरी लागत नाही, पासवर्ड लागत नाही, अपडेट येत नाही, ती तुमचं लोकेशन विचारत नाही. खुपसली की वाजते. ह्या कंपनीचा इअरफोन त्या कंपनीच्या टीव्हीला, भावाचा बहिणीच्या कॉम्प्युटरला, कुणाचा कुणालाही. तिच्यावर कुणाच्या बापाची मालकी नव्हती, आणि माझा संशय असा की गुन्हा तेवढाच होता.

यंदा आमच्या सोसायटीच्या गणपतीत काय झालं ते सांगतो. आरती आम्ही तोंडानंच म्हणतो, पण सेक्रेटरींना मागं टाळ-मृदुंगाचं रेकॉर्डिंग हवं असतं. सोसायटीचा ॲम्प्लिफायर जुना, त्याची वायर अशी की इकडे लाल-पांढरी दोन टोकं आणि तिकडे गोल पिन. सेक्रेटरींचा फोन नवा. आरतीचं तबक तयार, कापूर तयार, आणि सेक्रेटरी हातात पिन धरून फोनच्या चारही कडा चाचपतायत. मग कुणीतरी म्हणालं, कन्व्हर्टर लागेल. कन्व्हर्टर बी-विंगमध्ये नेन्यांकडे होता, तो आला, तो ह्या फोनला चालेना, कारण कन्व्हर्टरमध्येही दोन जाती असतात हे त्या दिवशी पन्नास माणसांना एकदम कळलं. मग मंडपाच्या वरच्याच मजल्यावरून ब्लूटूथ स्पीकर खाली आला. तो सुरू केल्या केल्या एका परदेशी बाईनं इंग्रजीत, गणपतीच्या डाव्या हाताला उभं राहिल्यासारखं, आपण जोडून घ्यायला तयार असल्याचं जाहीर केलं. एका आजींनी नमस्कार केला. सेक्रेटरींनी फोनवर बोट दाबलं, पण स्पीकरला आठवण होती ती मालकांच्या चिरंजिवांची, आणि चिरंजीव वर पलंगावर पडून क्रिकेट बघत होते. त्यामुळे कापूर पेटला, टाळ उचलले गेले, आणि श्रींच्या पुढ्यात समालोचक ओरडला की पायचीतचं अपील फेटाळलंय. चिरंजिवांना फोन करून ब्लूटूथ बंद करायला सांगावं, तर त्यांना लावलेल्या कॉलची रिंग स्पीकरमध्येच वाजू लागली, ती मंडपात आम्ही सगळ्यांनी ऐकली. दुसरा कापूर लावला. तोही संपत आला तेव्हा गेटवरचे वॉचमन काका पुढे झाले, खिशातून आपला आठ हजारांचा फोन काढला, त्यातून स्वतःच्या इअरफोनची पिन उपटली, तिथं ॲम्प्लिफायरची खुपसली आणि म्हणाले, "कुठली लावू, साहेब?"

त्यांना प्रसादाचे दोन मोदक जास्त मिळाले. सेक्रेटरी अजून म्हणतात की ब्लूटूथचं तंत्रज्ञान पुढचं आहे. असेल. फोनवरची पेटी वाजवून बघा, बोट आत्ता आणि सूर मागाहून. सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा उशीर, पण समेवर तेवढा पुरतो.

माझं खरं दुखणं रेडिओचं आहे. आई एक्याऐंशीची. सकाळी सहाला ती फोनवर एफएम लावते, आणि तिच्या जुन्या फोनला इअरफोन जोडल्याशिवाय एफएम लागत नाही, कारण ती वायरच एरियल असते. इंटरनेट नको, पैसे नको, हवेतून येतं ते पकडायचं. घरात तिची जागा ठरलेली. स्वयंपाकघराच्या खिडकीशी, वायर पडद्याच्या दांडीवर एक वेढा घेऊन खाली आलेली, एक गोळी कानात आणि दुसरी कुकरची शिट्टी ऐकायला मोकळी. वायर मानेपाशी तुटत आली की तिला नेमका कुठला पीळ दिल्यावर आवाज परत येतो हे तिला पाठ आहे. तो फोन गेला तर काय, म्हणून मी माझा नवा तिला देऊन पाहिला. तिनं रेडिओ शोधला. सापडला नाही. भोकच नाही तर एरियल कशाचं, आणि एरियल नाही तर रेडिओ कशाला ठेवतील? मी म्हटलं, "अगं, ॲपवर सगळी गाणी आहेत." ती म्हणाली, "मला सगळी नकोत. ते लावतील ती हवीत." यावर कुठल्या कंपनीकडे उत्तर असेल तर मला कळवावं.

त्यांच्याकडे उत्तर नाही, विकायला डबी आहे. वाटाण्याएवढ्या दोन गोळ्या, डबीत घातल्या की चार्ज होतात. म्हणजे पूर्वी एक फोन चार्ज करावा लागायचा, आता फोन, डबी, डावा कान आणि उजवा कान. लोकलमध्ये दाराशी उभं असताना उजवा कान प्लॅटफॉर्म आणि डब्याच्या फटीत पडला की गाडी थांबत नाही. वायर होती तेव्हा कान असा एकटा पळून जात नव्हता. बरं, एवढं करून प्रत्येक गोळीत एक इवलीशी बॅटरी, ती चिकटवलेली, आणि दोन-अडीच वर्षांत तिचा जीव गेला की डॉक्टर नाही. दुरुस्तीवाल्याकडे नेली तर तो उघडूनही बघत नाही, नुसतं "फेका" म्हणतो. आणि हेच लोक पर्यावरणाचं नाव घेऊन खोक्यातून चार्जर काढून घेतात! पृथ्वी वाचवायची म्हणून चार्जर देणार नाही, तो वेगळ्या खोक्यात, वेगळ्या प्लास्टिकात, वेगळ्या कुरिअरनं घरी येईल आणि पृथ्वीला पत्ता लागणार नाही. दीडशे रुपयांचा इअरफोन चालत होता, त्याला कचऱ्यात घातलं आणि त्या जागी दर दोन वर्षांनी कचरा होणारी वस्तू काही हजारांना विकली. मेमरी कार्डाची खाच काढली आणि साठवणीचं भाडं लावलं. मागचं झाकण काढलं, बॅटरी चिकटवली. आपल्या घरातली वस्तू गुपचूप उचलायची आणि सकाळी आपल्याच दारात विकायला आणायची, याला आमच्या आजोळी भुरटेपणा म्हणत आणि झाडाला बांधत. आता इकोसिस्टिम म्हणतात, टाळ्या वाजवतात, आणि माझ्यासारखे गाढव आपट्याचं पान घेऊन रांगेत उभे राहतात.

असो. रक्तदाबाची गोळी घेतली.

खोक्यात अगदीच काही नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. चार्जर नव्हता, इअरफोन नव्हता, पण एक पिन होती. सिमचा ट्रे उघडायची. फोनच्या कडेला मिलिमीटरभरही नसलेलं एक भोक आहे, ते कोणी बुजवलेलं नाही, आणि त्याच्यासाठी दर वेळी न चुकता एक स्टीलची पिन येते, तीही पुठ्ठ्याच्या स्वतंत्र पाकिटात, मुंजीतल्या मुलासारखी मिरवत. ही पिन माणसाला आयुष्यात चार वेळा लागते आणि चारही वेळा सापडत नाही. माझ्याकडे टेबलाच्या खणात अशा सात असाव्यात. सिम बदलायला बसलो तर एक मिळेना. शेवटी बायकोला म्हटलं, "तुझं एक कानातलं दे, दांडीनं उघडतो."

"कानातलं घे," ती म्हणाली, "पण किती महिन्यांत घातलेलं नाही. डाव्या कानाचं भोक बुजलंय."

तसे दोघं गावातल्या नेहमीच्या सोनाराकडे गेलो. सोनारानं कान टोचले की दुखत नाही म्हणतात, ते खरं असावं. त्यानं पाळी चिमटीत धरली, उजेडाकडे केली, बुजल्या जागेची खूण शोधली, तार आत घातली आणि आम्ही "अगं आई" म्हणेपर्यंत पलीकडून काढली. "रोज घालत जा, वहिनी," म्हणाला. "ह्या जागा वापरात राहायला हव्यात."

मला राहवेना. मी खिशातून फोन काढून त्याच्या गादीवर ठेवला आणि इअरफोनची पिनही शेजारी ठेवली. त्यानं भिंग डोळ्याला लावलं. फोन चारही कडांनी फिरवला, बुडाशी असलेली बारा भोकं बघितली, पिनेचं टोक त्यांतल्या एकाला लावून पाहिलं. मग विचारलं, "मागून उघडतं का?"

"नाही. चिकटवलंय."

"मग टोचू कुठून?" म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं मंगळसूत्र तागडीत घातलं.