मार्थाबाईंची सुट्टी

नाताळ हा शांतीचा सण, असं आमचे पाळकसाहेब दरवर्षी सांगतात आणि पुरुषांच्या बाजूला माना डोलतात. बायकांच्या बाजूला त्या वेळी घरी मंद आचेवर ठेवलेल्या बिर्याणीचं चिंतन चालू असतं.

धुळ्यात आमच्याकडे डिसेंबर लागला की करंज्या, चकल्या, शंकरपाळे सुरू. दिवाळीत शेजारून आलेले डबे रिकामे परत करायचे नाहीत, ही अकरावी आज्ञा. त्यात खानदेशची थंडी. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंश सोसलेल्यांना ती दहाच्या खाली नेऊन बसवते. अशा मध्यरात्री मंडळीतली पोरं ढोलकी-झांजा घेऊन येतात आणि शांत रात्रीचं गाणं म्हणत अख्खी गल्ली जागी करतात. गाणं दोन कडव्यांचं, चहा पातेलंभर.

एकदा उपदेशाला मार्था आणि मरियेची गोष्ट होती. येशू घरी आला, मरिया पायाशी बसून ऐकत राहिली, मार्था कामात बुडाली. आणि येशूने बाजू घेतली ती मरियेची. उपासना संपल्यावर आत्याने पाळकसाहेबांना गाठलं. "दोघीही पायाशी बसल्या असत्या, तर जेवायला वाढलं कोणी असतं?" पाळकसाहेबांनी घाईघाईने सर्वांना नाताळच्या शुभेच्छा दिल्या.

आत्याचा प्रश्न जुनाच आहे. 1907 मध्ये जळगावला कवी संमेलन भरलं. तिथे धरणगावचे बालकवी ठोमरे रेव्हरंड टिळकांच्या नजरेत भरले आणि पुढे नगरला त्यांच्या घरी राहिले. मराठी कवितेचं भलं झालं, हे सगळे मानतात. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या पिठाच्या डब्याचं काय झालं, हे कोणी विचारत नाही.

आमच्या घरात मार्थेला सुट्टी मिळते ती 26 डिसेंबरला, जळगावजवळ मेहुण्यांच्या मळ्यात. त्या दिवशी भरीत पुरुषांनी करायचं. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर हिरवी, पांढुरकी वांगी टाकायची. साल काळी पडून तडकली की बोटं पोळत सोलायची आणि लाकडी बडगीत मिरची-लसणासह ठेचायची. वर कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी; ती मात्र अजून गड्याच्या बायकोकडूनच येते, एवढी आमची क्रांती अपुरी आहे.

आत्या खाटेवर पाय वर घेऊन बसते आणि तिथूनच सांगते, "मिरची कमी पडनी रे, भो!" जेवणाआधीची प्रार्थनाही तिचीच. पाळकसाहेबांच्या प्रार्थनेत भाकरी गार होते, आत्याची एका श्वासात संपते: "प्रभू, वांगी छान भाजली आहेत आणि ती मी भाजलेली नाहीत. तुझे उपकार. आमेन."

तेव्हा यंदा घरच्या मार्थेचे आभार मानायचे असतील, तर भाषण करू नका. बडगी घ्या. आणि ती कुठे ठेवली आहे, हे तिला विचारू नका, स्वतः शोधा.