आपल्याकडे

मनालीच्या बर्फात उभं राहून ज्यांना महाबळेश्वर आठवतं आणि ताजमहाल बघून जे ‘औरंगाबादचा मकबरा बघितलाय ना? मग झालं तर’ म्हणतात, ते गृहस्थ तुमच्याही ओळखीचे असणार. आमच्याकडे ही गादी माझे साडू चालवतात. मूळचे रत्नागिरीचे, तीस वर्षं मुक्काम डोंबिवली. कोकणात वर्षाकाठी चार दिवस जातात, उरलेले ३६१ दिवस ते आम्हाला तिकडे नेतात.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोन कुटुंबं अंदमानला गेलो. विमान खाली येताना खिडकीतून हिरवानिळा समुद्र दिसला. माझी चार वर्षांची लेक ‘आई गं!’ म्हणून काचेला नाक चिकटवून बसली. साडू तिच्या डोक्यावरून वाकले. ‘आपल्याकडे अगदी हेच. फक्त विमान नाही.’

हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, जाताना बोट हलली आणि लेकीनं माझ्या शर्टावर सकाळचा उपमा परत केला. मी रुमाल शोधतोय, बायको पिशवी शोधतेय आणि साडू शांतपणे सांगताहेत, ‘आपल्याकडे दाभोळला फेरीबोटीत बसलात की दहा मिनिटांत धोपावे. उलटीला वेळच मिळत नाही.’

राधानगरचा किनारा ‘टाइम’ साप्ताहिकानं २००४ साली आशियात सर्वोत्तम ठरवलेला. पिठासारखी वाळू, पाठीमागे थेट किनाऱ्यापर्यंत आलेलं उंच रान. साडू कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले. आम्ही सगळे श्वास रोखून.

‘गुहागर,’ ते म्हणाले.

मग पाचच्या सुमाराला सूर्य बुडाला. इथलं घड्याळ भारताचं, पण बेटं पार म्यानमारच्या शेजारी, त्यामुळे दुपारच्या चहालाच तिन्हीसांजा होतात. यावरही शेरा आलाच, ‘आपल्याकडे सूर्य अशी घाई करत नाही.’ लेकीनं तो उचलला. रात्री दिवा घालवला तेव्हा अंधारातून आवाज आला, ‘आपल्याकडे अशी घाई करत नाही.’ त्या क्षणी मी परतीची तिकिटं बदलता येतील का, ते बघत होतो.

पण खरं तेही सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी लेकीनं तोंड मिटलं. पोळी नको, डोसा नको, मासा तर नकोच. संध्याकाळी ती नुसती मांडीवर पडून राहिली. साडू न सांगता उठले आणि हॉटेलच्या मुदपाकखान्यात शिरले. मी मागोमाग गेलो, तर हे शेगडीपाशी उभे, आचाऱ्याला मोडक्या हिंदीत गुरगुट्या भात समजावताहेत. ‘और पानी डालो. और. हमारे यहाँ ऐसा बनता है.’ आचारी बंगाली. इथे फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना वसवलं, त्यांच्यातला. तो हसून म्हणाला, ‘हमारे यहाँ भी बनता है, फेनाभात बोलते हैं.’ साडूंना कुणी त्यांच्याच हत्यारानं गाठलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. ते क्षणभर गप्प झाले. मग खिशातून मेतकुटाची पुडी काढून त्यांनी ती आचाऱ्यापुढे धरली, ‘ये नहीं होगा आपके पास.’ लेक वाटीभर भात जेवली. भरवलाही त्यांनीच, एकेक घास फुंकून.

शेवटचा दिवस सेल्युलर जेलचा. सात बराकींपैकी आता तीनच उभ्या आहेत. साडू सहलभर ताकीद देत होते, ‘सावरकरांना १९२१ साली इथून हलवलं, ते पुढे आपल्या रत्नागिरीच्या तुरुंगात होते. जेलमध्ये गेल्यावर सगळं सांगतो.’ आम्ही मनाची तयारी करून आत गेलो. एके ठिकाणी कोलू मांडून ठेवलाय. कैद्यानं दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं, कमी पडलं तर शिक्षा.

साडूंनी लाकडाच्या दांड्यावर हात ठेवला. लहानपणी त्यांच्या घराशेजारी तेलाचा घाणा होता, हे आम्ही शंभरदा ऐकलेलं.

‘आपल्याकडे...’ ते म्हणाले आणि थांबले. मग अगदी हळू, ‘आपल्याकडे याला बैल जुंपतात.’

रत्नागिरीचा तुरुंग त्यांनी सांगितलाच नाही. जिन्यात नाही, कोठडीत नाही, गाडीतही नाही. रात्री जेवताना मासळीबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी खूश व्हायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी विमानाला वेळ होता म्हणून कॉर्बिन्स कोव्हला गेलो, तरी ते गप्पच. शेवटी मलाच राहवेना. म्हटलं, ‘काय हो, थेट गणपतीपुळं वाटतंय, नाही?’

‘छे! काहीतरीच काय.’

एवढंच. पुन्हा समुद्राकडे तोंड. शहाळेवाल्यानं कोयत्यानं टवका उडवून शहाळं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी नळी बाजूला सारली, शहाळं तोंडाला लावलं, घोट घेतला. आम्ही तिघं मोठी माणसं आणि एक लहान, त्यांच्या तोंडाकडे बघत उभे.

‘बरं आहे,’ त्यांनी मिशा पुसल्या. ‘पण आपल्याकडचं जरा गोड असतं.’

लेकीनं टाळ्या पिटल्या. मी आणखी एक शहाळं मागवलं.