उंदरांचे तेरा टक्के

बोस्टनच्या 2015 च्या मॅरेथॉनमधल्या पंधरा धावपटूंकडून हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी काय मागून घेतलं असेल? स्वाक्षरी नव्हे, शौचाचा नमुना. शर्यतीआधी आणि नंतर, रोजच्या रोज. विज्ञानासाठी काय काय करावं लागतं!

शर्यतीनंतर त्या नमुन्यांत व्हेलोनेला नावाचे जिवाणू वाढलेले दिसले. पळताना स्नायूंत तयार होणारं लॅक्टेट हे त्यांचं खाद्य. ते फस्त करून हे जिवाणू प्रोपिओनेट नावाचं रसायन बनवतात. मग एका धावपटूकडचा हा जिवाणू उंदरांना पाजला आणि उंदीर ट्रेडमिलवर सरासरी 13 टक्के जास्त वेळ पळाले. पुढे जिवाणू बाजूला ठेवून नुसतं प्रोपिओनेट दिलं, तरी पळण्याची वेळ वाढली. दिलं मात्र गुदद्वारातून. उद्या हे डबीत भरून विकायचं ठरलं, तरी हा तपशील डबीवर छापायला कोणताही जाहिरातवाला धजणार नाही.

2019 मध्ये हे सगळं 'नेचर मेडिसिन'मध्ये छापून आलं. असे जिवाणू विकायला संशोधकांपैकी काहींनी कंपनीही थाटली. निबंधाच्या पाठोपाठ दुकान, रीतच आहे.

प्रयोग चोख होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण धावपटूंच्या पोटात हे जिवाणू वाढले ते 42 किलोमीटर पळाल्यावर. गिऱ्हाइकाला नेमके तेवढे किलोमीटर वगळून बाकीचं हवं असतं, तेही घरपोच. शिवाय 13 टक्के कशाचे, हेही कुणी विचारत नाही. शून्य किलोमीटरचे 13 टक्के काढायला हार्वर्ड लागत नाही.