आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

सेलू तालुक्यातल्या वालूरला वणव्याचा धोका किती? कागदावर जवळजवळ नाहीच. परभणी जिल्ह्यात जंगल नावापुरतं, मग वणवा लागणार कुठे? आपत्तीची मदत मात्र वर्षानुवर्षं 'महसूल व वन विभागा'च्या नावानं निघत आली. आमच्या वाट्याला वन आलं ते एवढंच, शासन निर्णयाच्या मथळ्यात.

मराठवाड्यात आपत्तीला तारीख लागते. 1972 चा दुष्काळ, 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट, 2014 ची गारपीट, 10 जुलै 2024 ला हिंगोलीकडून आलेला 4.5 रिश्टरचा हादरा. आगीला तारीख नाही, कारण ती एका वेळी एकाच घराला बुडवते. एका सुडीसाठी कोणी पाहणी दौरा काढतो का?

फाल्गुन-चैत्रात शिवारात जाऊन बघा. धुऱ्यावरचं गवत कुरकुरीत वाळलेलं. कोणीतरी 'साफ करून टाकू' म्हणून काडी लावतो. दुपारी वारा फिरतो, जाळ पराटीच्या ढिगात शिरतो, तिथून कडब्याच्या गंजीत, मग गोठ्यात. ठिबकच्या नळ्या मेणासारख्या गळतात. माणसं लिंबाच्या डहाळ्या आणि ओली पोती घेऊन धावतात. बंबाला फोन लागतो, पण बंब यायचा तालुक्याहून, आणि शेताला गाडीवाट असेल तर.

दुसऱ्या दिवशी तलाठी (आता म्हणायचं ग्राम महसूल अधिकारी) पंचनामा करतात. ठिणगी लोंबत्या तारेची असेल तर तसं विद्युत निरीक्षकानं लिहून द्यायला हवं. विम्याची तर गंमतच. पंतप्रधान पीक विमा योजनेच्या मूळ नियमांत उभ्या पिकाला लागलेली नैसर्गिक आग बसते. कापून पसरलेल्या पिकाला 14 दिवस संरक्षण, तेही गारपीट, वादळ, अवकाळीपासून. सोयाबीनची सुडी लावली की ते ना उभं, ना पसरलेलं! 2025 च्या खरिपात राज्यानं ही भानगडच मिटवली: भरपाई फक्त कापणी प्रयोगाच्या सरासरीवर. एकाची सुडी जळून मंडळाची सरासरी कशी हलणार? ती ढिम्म.

उसाची तऱ्हा वेगळी. जळाला तर कारखाना 'जळीत' म्हणून कपात करतो; आणि तोड लवकर मिळावी म्हणून काही बहाद्दर फड स्वतःच पेटवतात. तिथे पंचनामा कोण मागणार?

तहान लागल्यावर विहीर खोदायची पाळी वालूरवर येऊ नये, अशी सोय जुन्या लोकांनी करून ठेवली होती. गावात बारवा आहेत. गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची बारव गावकऱ्यांनीच गाळ उपसून मोकळी केली. आता लोक ती बघायला येतात, फोटो काढतात. फोटो काढा, हरकत नाही. पण उन्हाळ्यात तिथे किंवा जवळच्या विहिरीवर एक डिझेल इंजिन आणि लांब पाइप तयार ठेवायला ग्रामपंचायतीला कोणाच्या मंजुरीची वाट बघायची आहे?

तोवर वालूरकरांनो, सुडी तारेखाली लावू नका, दोन गंज्यांत मोकळी जागा सोडा, भोवती नांगराचे चार तास काढा आणि दुपारच्या वाऱ्यात धुरा पेटवू नका.